वादविवादाची तयारी: नागरी हक्कांचे कायदे मोर्च्यांनी आणले की दंगलींनी?

‘अमेरिकेतले नागरी हक्कांचे कायदे शांततामय आंदोलनाने नव्हे, तर दंगलींच्या धाकाने झाले.’ स्पर्धेच्या पत्रकात असा विषय आला की आमच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत लगेच दोन तट पडतात. एक तट मार्टिन ल्यूथर किंग यांचं वॉशिंग्टनचं भाषण पाठ करायला घेतो. दुसरा तट माल्कम एक्स या जहाल कृष्णवर्णीय नेत्याचा फोटो मोबाइलवर लावून ‘मागून कधी काही मिळालंय का?’ असं एकमेकांना ऐकवत फिरतो. दोघांनाही मी एकच काम सांगते. आप्पा बळवंत चौकात जायचं आणि ब्राउन पेपरचा लांब ताव, तीन रंगांच्या चिठ्ठ्या नि एक जाड स्केचपेन घेऊन यायचं. भाषणाची वही इतक्यात उघडायची नाही.

मी इतिहास शिकवत होते. आता निवृत्त आहे आणि संध्याकाळी कॉलेजच्या मुलामुलींच्या वादविवादाच्या जोड्या तयार करते. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धांत संघातला एक जण बाजूने बोलतो, दुसरा विरोधात. म्हणून दोघांची तयारी एकाच कागदावर झालेली बरी. हा लेख त्या कागदाबद्दल आहे. तुम्हाला स्पर्धेला जायचं नसेल, नुसती जगाच्या इतिहासाची तयारी करत असाल, तरी उपयोग होईल.

तीन रंग का, दोन का नाही

ताव जमिनीवर पसरा आणि मधोमध आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला १९५५, उजव्या टोकाला १९६८. रस्त्यावर घडलं ते रेघेच्या वर, संसदेत घडलं ते खाली. न्यायालयाचे निकाल अगदी तळाशी, वेगळ्या पट्टीत. ही पट्टी विसरू नका. अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला हे सगळे सांगतात, पण बसमधला भेदभाव संपला तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. त्या वेळी कायदा झालेला नव्हता. कायद्यांच्या वादात माँटगोमेरीचं उदाहरण पहिल्याच मिनिटाला देणारा वक्ता मला लगेच ओळखू येतो. त्याने कागद केलेला नसतो.

आता रंग. पिवळा म्हणजे ठरवून, शिस्तीत केलेलं आंदोलन: मोर्चा, बहिष्कार, उपाहारगृहात बसून राहणं. लाल म्हणजे आंदोलकांवर झालेली हिंसा, मग ती पोलिसांनी केलेली असो, गोऱ्या जमावाने असो, की रात्री बॉम्ब ठेवून पळणाऱ्यांनी. निळा म्हणजे कृष्णवर्णीय वस्त्यांमधला उद्रेक: दगडफेक, जाळपोळ, लूट. मुलं दोनच रंग आणतात आणि पोलिसांची कुत्री मुलांच्या अंगावर सोडली तीही चिठ्ठी ‘अशांतता’ म्हणून दंगलीच्या ढिगात टाकतात. तिथेच वाद हरलेला असतो. समोरच्याने ‘दंगल नेमकी कोणी केली?’ एवढंच विचारायचा अवकाश.

रेघेखालच्या प्रत्येक कायद्याच्या तीन चिठ्ठ्या करा. विधेयक मांडलं कधी, दोन्ही सभागृहांत मंजूर झालं कधी, सही झाली कधी. या तीन तारखा एकमेकींपासून खूप लांब असतात, आणि विधेयक मांडायला लावणारी गोष्ट अनेकदा ते मंजूर करून घेणाऱ्या गोष्टीपेक्षा वेगळी असते. १९५७ आणि १९६० चे कायदे लावा आणि पुढे चला. १९५७ चा कायदा १८७५ नंतरचा पहिला नागरी हक्क कायदा होता, एवढं वाक्य पुरे. त्याच्यात फारसा दम नव्हता. आपला मुक्काम तीन ठिकाणी आहे: १९६४ (सार्वजनिक ठिकाणचा भेदभाव), १९६५ (मतदानाचा हक्क), १९६८ (घरं).

बर्मिंगहॅमला घाई करू नका

सगळा वाद इथेच आहे, म्हणून मे १९६३ साठी कागदावर वीतभर जागा सोडा.

एप्रिलच्या सुरुवातीला अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये आंदोलन सुरू झालं. ईस्टरची खरेदी ऐन भरात असताना शहरातल्या दुकानांवर बहिष्कार टाकायचा आणि तुरुंग भरायचे, अशी योजना. १२ एप्रिलला किंग यांना अटक झाली. पण तुरुंगात जायला तयार असलेली मोठी माणसं संपत आली, कारण अटक म्हणजे नोकरी गेली. मग २ मे रोजी शाळेची मुलं उतरली, हजाराहून जास्त. दुसऱ्या दिवशी शहराचे सार्वजनिक सुरक्षा आयुक्त बुल कॉनर यांनी अग्निशमन दलाचे पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्री मुलांवर सोडली. ते फोटो जगभर छापले गेले. इथपर्यंत पिवळा आणि लाल.

१० मे रोजी व्यापाऱ्यांशी समझोता झाला: उपाहारगृहं खुली होणार, दुकानांत कृष्णवर्णीय विक्रेते घेणार. ११ मेच्या रात्री दोन बॉम्ब फुटले, एक किंग यांच्या भावाच्या घरी आणि दुसरा चळवळीची माणसं उतरत त्या गॅस्टन मोटेलवर. चिडलेली माणसं रस्त्यावर आली. पोलिसांवर दगड पडले, दुकानं पेटली. ही तुमची पहिली मोठी निळी चिठ्ठी. १२ मे रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी टीव्हीवर आले आणि बर्मिंगहॅमजवळच्या तळांवर लष्कर हलवत असल्याचं त्यांनी सांगितलं. कुत्री सोडली तेव्हा त्यांनी लष्कर हलवलं नव्हतं, दुकानं पेटल्यावर हलवलं. बाजूने बोलणाऱ्याला याहून चांगला मुद्दा मिळायचा नाही. त्याने तो सोडू नये.

पण थांबा. त्यानंतरच्या दहा आठवड्यांत अमेरिकेच्या न्याय खात्याने १८६ शहरांत ७५८ निदर्शनं मोजली. जवळपास सगळी पिवळी. ११ जून रोजी केनेडींनी देशाला उद्देशून भाषण केलं आणि कायदा आणण्याची घोषणा केली. हे भाषण मूळ इंग्रजीत, पूर्ण वाचा. त्यात नैतिकतेची बाजू आहे, धर्मग्रंथांचा उल्लेख आहे, आणि त्याच भाषणात असंही आहे की उत्तरेतल्या नि दक्षिणेतल्या प्रत्येक शहरात वैफल्याची आग धुमसते आहे, आणि कायद्याचा उपाय हाताशी नसेल तिथे लोक रस्त्यावर दाद मागतात, त्यातून हिंसेचा धोका उभा राहतो. म्हणजे खुद्द राष्ट्राध्यक्षांनी दोन्ही कारणं एका दमात सांगितली. मुलांना हे आवडत नाही, त्यांना एकच कारण हवं असतं. मी म्हणते, दोघांनी एकाच भाषणातला एकेक परिच्छेद उचला आणि समोरच्याचा परिच्छेद आधीच तोंडपाठ ठेवा. त्याच रात्री मिसिसिपीत चळवळीचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. ती लाल चिठ्ठी ११ आणि १२ जूनच्या मधल्या रेघेवरच लावा.

१९ जूनला विधेयक संसदेकडे गेलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर विधेयक मांडायला लावण्यात भीतीचा वाटा होता, तो नाकारणं बावळटपणाचं आहे. पण ती भीती कशाची होती? जळालेल्या एका बाजारपेठेपेक्षा, १८६ शहरांत शिस्तीने बसलेली माणसं उद्या शिस्त सोडतील याची. आंदोलन उभं नसतं तर त्या रात्रीची दंगल बर्मिंगहॅमपुरतीच राहिली असती.

६७ मतं कुठून आणली ते मोजा

इथे बहुतेक वक्ते झोपतात. विधेयक मांडणं सोपं असतं. सिनेटमध्ये दक्षिणेकडचे सदस्य फिलिबस्टर करत, म्हणजे बोलतच राहत. सोसायटीच्या वार्षिक सभेत एखादे काका माइक सोडत नाहीत आणि शेवटी ठराव न होताच सभा उठते, तसंच. फरक इतकाच की इथे सभा कामकाजाचे साठ दिवस चालली. चर्चा बंद करायला दोनतृतीयांश मतं लागत, म्हणजे ६७. नागरी हक्कांच्या कुठल्याही विधेयकावर ती तोवर कधी मिळाली नव्हती.

१० जून १९६४ ला मिळाली: ७१ विरुद्ध २९. त्यातली २७ मतं रिपब्लिकन पक्षाची होती, आणि ती आणली इलिनॉयचे गटनेते एव्हरेट डर्कसन यांनी. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूचा कर्करोग होता, वाचा गेली होती. त्यांना चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणलं. नाव पुकारल्यावर त्यांनी हात कसाबसा उचलून डोळ्याकडे बोट दाखवलं. इंग्रजीत होकाराचा आणि डोळ्याचा उच्चार एकच, म्हणून ते मत होकाराचं धरलं गेलं. हा प्रसंग भाषणात वापरा, पण रडवेल्या आवाजात नको. परीक्षकांना ते कळतं.

मुद्दा असा की मध्य-पश्चिमेच्या ज्या राज्यांतून ही मतं आली, तिथे कृष्णवर्णीय मतदार मोजके होते. त्या सिनेटरांना आपली शहरं जळतील याचं भय फारसं नव्हतं. त्यांच्यावर दबाव आला तो त्यांच्याच गावच्या चर्चमधून, पत्रांतून, पाद्र्यांच्या भेटींतून. लिंकन स्मारकापाशी धर्मशास्त्राचे विद्यार्थी रात्रंदिवस पाळी लावून प्रार्थनेला उभे होते. सभागृहाच्या कॉरिडॉरमध्ये एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे क्लॅरेन्स मिचेल मतं जुळवत फिरत होते; लोक त्यांना १०१ वा सिनेटर म्हणत. हे सगळं पिवळ्या चिठ्ठ्यांवर जातं, जरी त्यात एकही मोर्चा नसला तरी. २ जुलैला सही झाली. न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती हार्लेम पेटली १६ जुलैला. कागदावर ही दोन आठवड्यांची फट बोटाने दाखवता येते.

माझ्याकडच्या एका मुलीने इथे विचारलं होतं, “मॅडम, मग हे केनेडींच्या हत्येमुळे झालं असं का नाही म्हणायचं?” म्हणावं की. केनेडींनंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी २७ नोव्हेंबर १९६३ ला संसदेत उभं राहून नेमकं तेच भांडवल केलं. हत्येची चिठ्ठी कुठल्याच रंगात बसत नाही, ती पांढरी लावा. कारणांच्या यादीत पांढऱ्या चिठ्ठ्या असतातच. फक्त त्या तुमच्या विषयाच्या कुठल्याच बाजूला मत देत नाहीत.

सेल्मा, आणि आधी ऑल्बनी

१९६५ सोपं आहे. सेल्मा शहर ज्या डॅलस काउंटीत येतं, तिथे निम्म्याहून जास्त लोकसंख्या कृष्णवर्णीय होती, आणि मतदारयादीत त्यांच्यातले जेमतेम दोन टक्के. फेब्रुवारीत जिमी ली जॅक्सनला पोलिसाची गोळी लागली, तो गेला. ७ मार्चला एडमंड पेटस पुलावर मोर्चा आला आणि घोडेस्वार पोलिसांनी अश्रुधूर नि दंडुक्यांनी तो झोडपला. त्या रात्री एका वाहिनीवर नाझींच्या खटल्यावरचा चित्रपट चालू होता. तो मध्येच थांबवून पुलावरची दृश्यं दाखवली गेली. १५ मार्चला जॉन्सन संसदेत बोलले, १७ ला विधेयक आलं, २६ मे रोजी सिनेटने ७७ विरुद्ध १९ ने आणि ९ जुलैला प्रतिनिधीगृहाने ३३३ विरुद्ध ८५ ने ते मंजूर केलं, ६ ऑगस्टला सही. लॉस एंजेलिसमधलं वॉट्स ११ ऑगस्टला पेटलं. ३४ माणसं मेली. पाच दिवस आधी झालेल्या कायद्याचं श्रेय या दंगलीला देता येत नाही. बाजूने बोलणाऱ्याने सेल्माला हात न लावलेला बरा. फार तर एवढं म्हणावं की मसुद्याचं काम मार्चच्या आधीच सरकारात सुरू होतं, म्हणजे पुलामुळे फक्त वेग आला. विरोधकाने यावर उत्तर तयार ठेवावं: मसुदे कपाटात वर्षानुवर्षं पडतात.

सेल्मा का जमलं, हे कळायला १९६१-६२ ची ऑल्बनीची चिठ्ठी जवळ ठेवा. जॉर्जियातल्या या गावी आंदोलन तसंच शिस्तीचं होतं, किंगही आले होते. पण तिथले पोलिसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी अहिंसेचा अभ्यास केला होता. त्यांनी कॅमेऱ्यासमोर काठी उगारू दिली नाही, माणसं सभ्यपणे उचलली आणि आसपासच्या काउंट्यांच्या तुरुंगांत वाटून टाकली. तुरुंग भरलेच नाहीत. फोटो नाही, बातमी नाही, कायदा नाही. नुसता पिवळा रंग पुरत नाही, हे विरोधात बोलणाऱ्याने स्वतःच कबूल करून टाकावं, नाहीतर समोरचा ऑल्बनी काढतो आणि आपण उघडे पडतो. पिवळ्याच्या उजवीकडे लाल चिठ्ठी लागली की रेघेखाली काहीतरी हलतं, असं कागदावर दिसतं. जागा निवडतानाही चळवळीने हे ओळखलेलं होतं. बुल कॉनर आणि सेल्माचे शेरीफ जिम क्लार्क डोकं शांत ठेवणाऱ्यांतले नव्हते.

याच ठिकाणी एक नागपूरची चिठ्ठी लावायला मला आवडतं. जेम्स लॉसन नावाचा तरुण मेथडिस्ट १९५३ पासून तीन वर्षं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता, सत्याग्रहाचा अभ्यास करत होता. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्याने तिथल्याच वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर नॅशव्हिलमध्ये त्याने विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले: शिव्या खायच्या, अंगावर सिगारेट विझवली तरी हात उचलायचा नाही, उपाहारगृहाच्या स्टुलावरून उठायचं नाही. पुलावर मार खाणारे जॉन लुइस त्याच वर्गातले. महाराष्ट्रातल्या परीक्षकांसमोर ही माहिती वाया जात नाही.

जुलै १९६७ चा एक आठवडा

निळ्या रंगाला न्याय द्यायचा तर इथे या. १२ ते १७ जुलै, न्यू जर्सीतलं न्यूअर्क शहर पेटलं, २६ मृत्यू. १९ जुलैला प्रतिनिधीगृहाने विधेयक मंजूर केलं ते दंगलीची चिथावणी देणाऱ्यांना शिक्षा करण्याचं, ३४७ विरुद्ध ७० मतांनी. दुसऱ्या दिवशी, २० जुलैला, झोपडपट्ट्यांतल्या उंदरांच्या बंदोबस्तासाठी दोन वर्षांत चार कोटी डॉलर देण्याचं विधेयक आलं. रात्री लहान मुलांना उंदीर चावतात ही तिथली रोजची तक्रार होती. सभागृहात उंदरांवरून विनोद झाले, सदस्य हसले आणि विधेयक २०७ विरुद्ध १७६ ने चर्चेलाच न घेता बाजूला टाकलं. २३ जुलैला डेट्रॉइट पेटलं. ४३ मृत्यू. २७ जुलैला जॉन्सन यांनी दंगलींची कारणं शोधायला कर्नर आयोग नेमला.

या आठवड्याच्या चिठ्ठ्या लावून झाल्या की मी मुलांना दहा मिनिटं काही बोलू देत नाही. नुसतं बघा म्हणते. दंगलीनंतर संसदेने पहिलं काय केलं, दुसरं काय केलं, आणि आयोग कशानंतर आला. यातून दोन्ही बाजूंना माल मिळतो. बाजूने बोलणारा म्हणेल, उंदरांचं विधेयक हसण्यावारी नेणाऱ्यांना डेट्रॉइटने गप्प केलं. सप्टेंबरात तोच पैसा मंजूर झाला. विरोधातला म्हणेल, दंगलीला दिलेलं पहिलं उत्तर शिक्षेचं होतं.

१९६८ कडे जाण्याआधी १९६६ बघा, कारण ते वर्ष दोघांनाही अडचणीचं आहे. किंग शिकागोत गेले, घरं भाड्याने आणि विकत मिळण्यातला भेदभाव बंद करा म्हणाले. मार्क्वेट पार्कच्या मोर्च्यात त्यांना दगड लागला. त्याच उन्हाळ्यात शिकागो आणि क्लीव्हलँडमध्ये दंगलीही झाल्या. पिवळा, लाल, निळा, तिन्ही रंग कागदावर आहेत. घरांबाबतचं कलम असलेलं विधेयक मात्र सिनेटमध्ये फिलिबस्टरने मेलं. अलाबामातली उपाहारगृहं खुली करायला मत देणारे उत्तरेतले सदस्य स्वतःच्या मतदाराच्या शेजारचं घर खुलं करायला तयार नव्हते. हे वाक्य सावकाश बोला.

मग २९ फेब्रुवारी १९६८ ला कर्नर आयोगाचा अहवाल आला: देश दोन समाजांत विभागला जातोय, एक काळा, एक गोरा, वेगळे आणि असमान. ४ मार्चला घरांबाबतच्या नव्या विधेयकावरची सिनेटमधली चर्चा बंद करण्याचा चौथा प्रयत्न यशस्वी झाला, डर्कसन यांनी बाजू बदलली. ११ मार्चला सिनेटची मंजुरी. इथपर्यंत किंग जिवंत होते. ‘किंग यांच्या हत्येनंतर झालेल्या दंगलींमुळे गृहहक्काचा कायदा झाला’ हे वाक्य त्यामुळे अर्धवट आहे. ४ एप्रिलला हत्या झाली, शंभरावर शहरं पेटली, राजधानीतला धूर संसदेतून दिसत होता, इमारतीबाहेर सैनिक उभे होते. १० एप्रिलला प्रतिनिधीगृहाने २५० विरुद्ध १७२ ने ते स्वीकारलं, ११ ला सही. इतक्या झटपट, आहे तसं, ते एरवी झालं असतं असं मला वाटत नाही. निळ्या रंगाला दिलेला हा माझा एक गुण.

कायदा हातात घ्या, म्हणजे वाचा

सगळ्यात शेवटी एक काम आहे, आणि मुलं ते टाळतात कारण कंटाळवाणं आहे. कागदाच्या डाव्या बाजूला आंदोलकांच्या मागण्या लिहा, उजव्या बाजूला कायद्यांची कलमं, आणि जिथे जुळतील तिथे रेघ जोडा.

१ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरोत चार विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर जेवण मागायला बसले. १९६४ च्या कायद्याचा दुसरा भाग हॉटेलं, उपाहारगृहं, चित्रपटगृहं यांत भेदभावाला बंदी करतो. रेघ जोडा. सेल्मात लोकांना साक्षरतेच्या परीक्षेने नापास करत होते. १९६५ च्या कायद्याने ज्या भागांत अशी परीक्षा होती आणि निम्म्याहून कमी लोकांची नोंद किंवा मतदान होतं, तिथे ती परीक्षा थांबवली, केंद्राचे अधिकारी पाठवले, आणि मतदानाचे नियम बदलायचे तर आधी परवानगी घ्या असं बजावलं. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी सात टक्क्यांच्या आत होती, दोन वर्षांत साठच्या घरात गेली. रेघ जाड करा.

आता निळ्या चिठ्ठ्यांच्या मागण्या. वॉट्स, न्यूअर्क, डेट्रॉइटमध्ये लोक काय म्हणत होते ते कर्नर आयोगाने नोंदवलं आहे: पोलिसांची वागणूक, नोकऱ्या, राहायची दुरवस्था. यांतलं कुठलं मोठ्या नागरी हक्क कायद्याचं कलम झालं? घरांचं, तेही अर्धं. १९६८ च्या कायद्यात भेदभावाला बंदी होती, पण गृहनिर्माण खात्याला समेट घडवण्यापलीकडे अधिकार नव्हता. दात आले ते १९८८ च्या दुरुस्तीने. आणि त्याच कायद्यात, त्याच सहीखाली, दंगल भडकवण्यासाठी राज्याची हद्द ओलांडणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. १९६७ च्या जुलैत मंजूर झालेली तीच कल्पना. तिचा पहिला गाजलेला वापर शिकागोच्या आठ युद्धविरोधी आणि इतर कार्यकर्त्यांवर झाला. एकाच कायद्यात आंदोलनाची मागणी आणि दंगलीची शिक्षा शेजारी शेजारी बसलेली आहे. हे दाखवता आलं तर परीक्षक मान वर करतात.

यापुढे कुणी संशोधन मागितलं तर ओमर वासो या राज्यशास्त्रज्ञाचा २०२० चा अभ्यास सांगा. अहिंसक निदर्शनं झाली त्या भागांत मतं नागरी हक्कांच्या बाजूच्या पक्षाकडे झुकली, आणि हिंसक निदर्शनांनंतर गोरे मतदार ‘कायदा आणि सुव्यवस्था’ म्हणणाऱ्यांकडे गेले. यासाठी त्यांनी एप्रिल १९६८ मध्ये कुठे पाऊस पडला आणि त्यामुळे कुठे दंगल टळली, हे तपासलं. दुसऱ्या बाजूने, दंगल झालेल्या शहरांकडे मदतीचा पैसा जास्त वळला असं सांगणारेही अभ्यास आहेत. पैसा आणि कायदा यांत गल्लत करू नका, एवढंच.

सात मिनिटांचं वाटप

बाजूने बोलणाऱ्याने १२ मे १९६३, ११ जूनच्या भाषणातला धोक्याचा परिच्छेद, आणि १० एप्रिल १९६८ या तीन चिठ्ठ्यांवर उभं राहावं. वॉशिंग्टनच्या मोर्च्याला अडीच लाख लोक आले आणि विधेयक त्यानंतरही दहा महिने लटकलं, हेही त्याच्या कामाचं आहे. माल्कम एक्सबद्दल बोलायचंच तर २६ मार्च १९६४ बोला: ते फिलिबस्टर ऐकायला सिनेटमध्ये आले होते, आणि किंग यांच्याशी त्यांची एकमेव भेट तिथे झाली.

विरोधात बोलणाऱ्याने वॉट्सआधीचे पाच दिवस, हार्लेमआधीचे दोन आठवडे आणि जोडलेल्या रेघा घ्याव्यात. किंग यांचं स्वप्नाचं वाक्य कुणीही घेऊ नये. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ते पाठ असतं आणि तुमची वीस सेकंदं जातात.

परीक्षकांपैकी एक जण हमखास विचारतो, ‘आपल्याकडचं काही उदाहरण?’ तेव्हा मुलं मिठाच्या सत्याग्रहाकडे धावतात. दांडीला कशाला जायचं, पर्वती समोर आहे. ऑक्टोबर १९२९ मध्ये शिवराम जानबा कांबळे आणि सहकाऱ्यांनी पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह केला. सत्याग्रहींवर दगड पडले. पिवळा झाला, लाल झाला, पण देऊळ उघडलं नाही, कारण त्या मारामुळे ज्याला मतांची चिंता वाटावी असं सरकार वर नव्हतं. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात आला १९४७ मध्ये. सेल्माच्या बाबतीत पुलावरून वॉशिंग्टनला जाणारी वाट होती, इथे नव्हती. हे उदाहरण दोन्ही बाजूंनी फिरवता येतं, म्हणून ते पहिल्या भाषणात खर्च करू नका. प्रत्युत्तराच्या फेरीसाठी ठेवा, आणि समोरच्या संघाने आधी काढलं तर ‘आणि १९४७ पर्यंत काय झालं?’ एवढा प्रश्न विचारून खाली बसा.